निवळलेले पाणी

नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. रत्नागिरीच्या बाजारपेठेतील एका वाणसामानाच्या दुकानात नारळांची पोती उतरत होती आणि गल्ल्याशेजारी बसून दहावीतील नात इंग्रजीचा अभ्यास करीत होती. मध्येच तिने विचारले, ‘‘आजोबा, ‘काम’, ‘कंपोज्ड’ आणि ‘सिरीन’ या तिन्ही शब्दांचा अर्थ इथे ‘शांत’ असाच दिला आहे. मग शब्द तीन कशाला?’’

‘‘काम म्हणजे शांतता, हे दुकानदाराला कसे पटावे?’’ आजोबा हसले. पण प्रश्न त्यांना आवडला. दिसायला सारखे असणारे दोन तांदूळ एका भावाचे नसतात, हे त्यांचे हात जन्मभर सांगत आले होते.

नातीने मोठा शब्दकोश काढला. ‘काम’ या शब्दाचे मूळ उष्म्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दात असल्याचे मानतात. भर दुपारी ऊन तापते, वारा पडतो, माणसे विसावा घेतात. त्यावरून हा शब्द वाराविरहित समुद्राला लागला. रत्नागिरीकरांना ही शांतता मे महिन्यात दिसते. मांडवीचे पाणी काचेसारखे पडून असते; पण जूनमध्ये तोच समुद्र असा खवळतो की मिरकरवाड्याच्या नौका किनाऱ्याला बांधून ठेवाव्या लागतात. ‘कंपोज्ड’चे मूळ ‘एकत्र मांडणे’ असे आहे. आत काहीही चालले असो, ज्याने स्वतःला आवरून नीट मांडले आहे, तो माणूस ‘कंपोज्ड’. आणि ‘सिरीन’ म्हणजे मुळात निरभ्र आकाश. तिथे आवरण्यासारखे काही उरलेलेच नसते.

‘‘हा भेद आपल्याकडेही आहे,’’ आजोबा म्हणाले. ‘‘गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून घातले की गाळ तळाशी बसतो आणि पाणी स्वच्छ दिसते. शास्त्रात त्याला उपशम म्हणतात. कषाय दबलेले असतात, गेलेले नसतात. भांडे हलले की पाणी पुन्हा गढूळ. तेच वरचे निर्मळ पाणी दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून घेतले, तर तो क्षय. म्हणून अकराव्या, उपशांतमोह गुणस्थानावर पोहोचलेला जीवही तिथून खाली येतो. बाराव्या, क्षीणमोह गुणस्थानावरून मात्र पतन नाही.’’

नातीने ते सारे वहीत उतरवून घेतले. मग मान वर न करताच ती म्हणाली, ‘‘मग मोठ्या आजोबांशी तुम्ही बोलत नाही, ती यातली कोणती शांतता?’’

गोदामाच्या वाटणीवरून दोघा भावांत अबोला धरला गेला, त्याला कित्येक वर्षे झाली होती. त्या काळात आजोबांनी कधी आवाज चढवला नाही, कोणापाशी भावाची निंदा केली नाही. रोजचे 48 मिनिटांचे सामायिक चुकवले नाही. ‘माझ्या मनात काही नाही, मी शांत आहे,’ असे ते सर्वांना सांगत, आणि त्यांना ते खरेही वाटे. दर संवत्सरीला इतर नातलगांबरोबर भावाच्या घरीही ‘मिच्छा मि दुक्कडम्’चे छापील पत्र जाई. ते दुकानातला नोकर देऊन येत असे.

नातीच्या प्रश्नावर ते रागावले नाहीत. पण नारळांचा हिशेब लिहिणारा त्यांचा हात थांबला. पुढचे आकडे दोनदा चुकले. केवळ एका नावाने भांडे हलले होते.

पर्युषण आले. त्या वर्षी भावाच्या नावाचे पत्र त्यांनी गठ्ठ्यातून बाजूला काढले आणि संवत्सरीच्या दुपारी, उपवासाच्या अंगाने, ते स्वतः भावाच्या दारी गेले. हात जोडून क्षमा मागितली. भावाने आत बसवले. थोडा वेळ नारळाच्या भावाची, पावसाची बोलणी झाली. मग गोदामाचा विषय निघालाच, आणि दोघांचेही आवाज चढले. आजोबा उठून उभे राहिले. क्षणभर दाराकडे पाहिले आणि पुन्हा खाली बसले. प्रतिक्रमणाची वेळ झाली तेव्हाच ते तिथून निघाले. गोदामाचा प्रश्न होता तिथेच राहिला होता.

रात्री नात वाटच पाहत होती. ‘‘काय झाले, आजोबा?’’

‘‘आज ‘कंपोज्ड’ राहणेही पुरते जमले नाही,’’ ते म्हणाले. ‘‘गाळ किती आहे, ते मात्र दिसले.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडून कित्येक वर्षांनी तो आवाज आला, ‘‘पारण्याला इकडेच ये. आणि येताना त्या पोरीला घेऊन ये.’’