मी हात लावला नव्हता

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर मी पहिल्या बोनसमधून घेतला, २००४ साली. असेम्बल्ड, २५६ एमबी रॅम आणि वर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. २००६ च्या मे महिन्यात त्याने मान टाकायला सुरुवात केली. चालता चालता निळा पडदा, त्यावर इंग्रजीत चार ओळींचा शोकसंदेश आणि रीस्टार्ट.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. तेव्हा घरी आल्यावर पहिला प्रश्न काय विचारला असेन? "बाबा, तुम्ही काय केलंत?"

बाबा नुकतेच एसटीतून रिटायर झाले होते आणि डेपोतल्या आठवणी टाईप करत होते. दोन बोटांनी, दिवसाला एक पान. "काही नाही गं केलं," ते म्हणाले. मी मान डोलावली. विश्वास अर्थातच ठेवला नाही.

मग सगळं रीतसर झालं. रात्रभर अँटिव्हायरस. सीडीवर बॅकअप घेऊन फॉर्मॅट. रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या (हसू नका, आजीच्या बटव्यातला वाटला तरी हा उपाय बऱ्याचदा चालतो). कॅबिनेटचं झाकण उघडून टेबलफॅन लावला. दोन दिवस सगळं छान, तिसऱ्या दिवशी पुन्हा निळं. त्यात बाबांची तीन पानं गेली आणि मी वैतागून बोलून गेले, "राहू द्या ना बाबा, नाही जमत तर." त्यांनी मुकाट्याने कव्हर घातलं. आईने मला नंतर जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

रविवारी बाबांनी माझ्यासमोर एक शंभरपानी वही ठेवली. एसटीत गाडी बंद पडली की नोंद होते. यांनी पहिल्या दिवसापासून ती केली होती. तारीख, वेळ, काय चालू होतं. २० ते २५ मिनिटांनी बंद, कधी टायपिंग करताना, कधी पत्त्यांच्या गेममध्ये. आणि एक नोंद अशी: "दु. ४.१०. मी चहा घेत होतो. हात लावला नव्हता."

इतका स्वच्छ बग रिपोर्ट मला ऑफिसातही कुणी दिला नव्हता.

टॉर्च घेऊन बसले. प्रोसेसरच्या शेजारी छोट्या नळकांड्यांची रांग असते, ते कपॅसिटर. प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज एकसारखं ठेवणं हे त्यांचं काम. त्यातल्या सहांची डोकी पुरीसारखी फुगली होती, एकावर तपकिरी खरपुडी. आतलं रसायन निकृष्ट असलं की गॅस होतो आणि माथा फुगतो. व्होल्टेज डगमगतं, मशीन कोसळतं. त्या काळात जगभरच्या मदरबोर्डांवर ही साथच होती. फॉर्मॅट करून काय होणार, कपाळ?

शनिवारी बोर्ड पिशवीत घालून डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडवरच्या एका पोऱ्याने बोर्ड हातात घेतला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कॅप गेलेत," आणि तासाभरात सहाही बदलून दिले. दीडशे रुपये.

रात्री पाऊण तास मशीन चाललं. बाबा शेजारी घड्याळ धरून बसले होते. मग त्यांनी वही उघडली, लिहिलं, "दुरुस्ती झाली. चालकाचा दोष नाही," आणि त्याखाली माझी सही घेतली.