सांदवाडीतल्या मैदानाबद्दल, दादाला

प्रिय दादा,

घरामागच्या सांदवाडीत पोरींसाठी बॅडमिंटनचं कोर्ट करायचं ठरवलंस, सिमेंट-गिट्टीचा हिशोबही मांडून बसलास, हे वहिनीनं फोनवर सांगितलं. कोर्ट नक्की कर. सिंदेवाहीत दिवस कलला की वाघ-बिबट्याच्या धाकानं पोरींना लांबच्या मैदानावर धाडवत नाही, आणि मुलांना मिळते ती मोकळीक त्यांना तशीही मिळत नाही. घरामागे खेळायला जागा हवीच. फक्त तिथे काँक्रीट ओतू नकोस. हे पत्र छापायला देते आहे, कारण मूलपासून नागभीडपर्यंत असाच विचार करणारे बाप पुष्कळ असतील.

आपली सांदवाडी उताराच्या तळाला, कन्हारीत, म्हणजे भारी चिकणमातीत आहे. ही माती किती गुणाची, ते तुला मी काय सांगू! चिखलणी केली की तिची भोकं बुजतात, बांधीत पाणी उभं राहतं आणि धान पोसतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंचा एचएमटी असो की आपल्या गावच्या संशोधन केंद्रातले वाण, सगळे पाणी धरणाऱ्या बांधीच्याच भरवशावर आले. झाडीपट्टीतल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या अक्कल लावली ती पाणी अडवायला. बांध्या, बोड्या, मालगुजारीतले तलाव, सगळं त्यातूनच झालं. मैदानाला मात्र नेमकं उलटं लागतं.

चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात. पाणी त्यांच्यामध्ये शिरलं की माती फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात बांधीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. अशा मातीवर दहा सेंटिमीटरचं काँक्रीट टाकलंस, तर मृगाचं पाणी आधी कडांखाली शिरेल आणि कडा वर उचलल्या जातील. हिवाळ्यानंतर त्याच कडा आधी वाळून खचतील, मधला भाग ओला असल्यानं उंच राहील. वर्षभर असं हलणाऱ्या जमिनीवर काँक्रीट चिरणारच. रस्त्याच्या कामांवर मी हे सतत बघते. काळ्या मातीतल्या डांबरी रस्त्याला कडेनं लांबच लांब चीर जाते, ती याच कारणानं.

तुझी माती किती फुगते ते घरीच बघता येईल. खडखडीत वाळलेली माती कुटून बारीक चाळ. खुणा असलेल्या दोन सारख्या, उभट काचेच्या भांड्यांत दहा-दहा ग्रॅम घाल. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओत आणि ढवळून एक दिवस ठेव. रॉकेलनं माती फुगत नाही. पाण्यातली माती रॉकेलातल्या मातीच्या दीडपट किंवा जास्त भरली, तर काँक्रीटचा विचार सोडूनच दे. प्रयोगशाळेतही याच पद्धतीनं तपासतात.

मग करायचं काय? मुरमाचं मैदान. पंधरा मीटर लांब, दहा रुंद. बॅडमिंटनला १३.४० बाय ६.१० मीटर लागतं, मुलींच्या कबड्डीला १२ बाय ८. दोन्ही त्यात बसतात. तुझ्या धाकट्या लेकीला कबड्डीचंच वेड आहे, हे विसरू नकोस. महिला कबड्डी २०१० पासून आशियाई खेळांत आहे, तेव्हा तिचा खेळ बारका समजू नये.

खोल खड्डा मात्र मुळीच खणू नकोस. चिकणमातीत खड्डा करून त्यात मुरूम भरला, तर पावसाळ्यात त्याची बोडी होते. पाणी आत साचतं आणि खालची माती फुगत राहते. वरची पंधरा सेंटिमीटर माती काढ, ती वहिनीच्या भाजीच्या वाफ्यांना जाईल. तिच्याखालच्या तेवढ्याच थरात वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास चुना कालव. म्हणजे साधारण दीड टन. चुन्यानं मातीचं फुगणं कमी होतं. तो डोळ्यांना आणि कातडीला जाळतो, म्हणून मजुरांना हातमोजे दे आणि पोरींना त्या दिवशी तिकडे फिरकू देऊ नकोस. त्यावर मुरूम दोन थरांत, मिळून तीस सेंटिमीटर, प्रत्येक थर पाणी मारून रोलरनं दाबलेला. सुटा मुरूम वीसेक ब्रास लागेल. रॉयल्टीची पावती असलेलाच घे.

मैदान भोवतालच्या जमिनीपेक्षा पंधराएक सेंटिमीटर उंच येईल. त्याला एका बाजूकडे शंभरास एक उतार ठेव, दहा मीटरमागे दहा सेंटिमीटर. चारी बाजूंनी चर काढ आणि पाणी खालच्या बांधीत सोड. घराच्या पन्हाळीचं पाणी तिकडे येता कामा नये. सगळ्यात जास्त लक्ष मी इथेच देईन, कारण पाणी नीट गेलं नाही तर बाकीचा खर्च वाया जाईल.

पॅरिसची रोलँ गॅरोसची टेनिसची कोर्टंच बघ, ती १९२८ पासून आहेत. तिथे वर लाल दिसतो तो विटांचा भुगा, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. त्याच्याखाली चुनखडीचा चुरा, मग जळक्या कोळशाची खडी, मग दगड. तिथेही बहुतेक मेहनत जमिनीखालीच गेली आहे.

मुरमाच्या मैदानावर झडीच्या दिवसांत खेळ बंद राहील, हे खरं. दर दिवाळीनंतर पाणी मारून, बारीक मुरूम पसरून रोलर फिरवावा लागेल. पण काँक्रीटवर उड्या मारून वाढत्या वयाच्या पोरींचे गुडघे दुखावतात, आणि चिरलेलं काँक्रीट दुरुस्त करायचं तर फोडूनच काढावं लागतं.

काम धान कापून झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत काढ. उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीवर भर टाकलीस तर पहिल्या पावसात माती फुगून ती सगळी भर वर उचलली जाईल. आणि सांदवाडीतल्या चिंचेकडे बघ. झाडाची मुळं आपल्या बाजूची माती सुकवतात, म्हणून झाड जेवढं उंच, निदान तेवढं अंतर राखायचं. चिंच तोडायची मात्र नाही. जागा कमी पडली तर मैदान आडवं घेऊ.

चिंचेपासून कुंपणापर्यंतचं माप घेऊन मला कळव. संक्रांतीला मी येते. आखणीची दोरी पोरींच्या हातात देऊ. खुंट्या तू ठोक, उतार मी बघते.

तुझी,
धाकटी