परवाना एकट्याच्या नावाचा

पीक उभे करायला कष्ट पडतात, तसेच ते घरात येईपर्यंत राखायलाही पडतात. सह्याद्रीच्या पायथ्याला ज्यांची शेते आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, डोंगराला लागून. दीड एकर भात, थोडी नाचणी, वायंगणात भुईमूग आणि वरच्या अंगाला काजूची बाग, एवढीच आमची शेती. ती खायला रानडुकरे येतात, माकडे येतात, साळिंदर येते आणि अलीकडे गवेही उतरू लागले आहेत. माळा बांधून जागल करणे, डबे वाजवणे, कुत्री पाळणे, फटाके लावणे हे सारे आम्ही करीत होतो. पण 2020 सालच्या दसऱ्याच्या सुमारास एका पावसाळी रात्री डुकरांच्या कळपाने अर्धे भात लोळवून टाकले. वर्षाचे खाण्याचे भात गेले. त्यानंतर मी शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना काढायचे ठरवले.

आमच्या घराण्यात यापूर्वी कोणाकडे बंदूक नव्हती. त्यामुळे अर्ज कसा करायचा येथपासून सारे नवे होते. गावात जो तो वेगळे सांगे. कोणी म्हणे, मोठी जमीन असल्याशिवाय परवाना मिळत नाही. कोणी म्हणे, ओळख लागते. एका निवृत्त तलाठी भाऊंनी मात्र नीट समजावून सांगितले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

इंग्रजांनी 1878 साली हत्यारांचा कायदा केला, तो लोकांच्या हातात हत्यार राहू नये म्हणून. आज चालतो तो 1959 चा शस्त्र अधिनियम. तोही कडक आहे, पण शेतकऱ्याची अडचण त्यात लक्षात घेतलेली आहे. खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ठासणीच्या बंदुकीने भागत नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची, वीस इंचांपेक्षा आखूड नसलेली काडतुसाची बंदूकही देता येते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर अपील करता येते.

मात्र काहींना तो मिळत नाही. वय एकवीस वर्षे पूर्ण हवे. मारहाणीसारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला ठराविक काळ मिळत नाही. बांधाच्या भांडणातून ज्याला शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागले आहे, त्याला त्या बंधपत्राची मुदत संपेपर्यंत मिळत नाही. गावोगाव बांधावरून काय चालते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा हे कलम शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मी 2021 साली अर्ज केला. सातबारा, ओळखीचे आणि राहण्याचे पुरावे, फोटो, डॉक्टरांचा दाखला आणि पिकाच्या नुकसानीचे पंचनामे जोडले. वन खात्याकडे नुकसानभरपाईसाठी केलेल्या अर्जांच्या प्रती मी जपून ठेवल्या होत्या, त्या येथे कामी आल्या. बंदूक सुरक्षित कशी हाताळावी याचे शिक्षण घेऊन त्याचा दाखलाही द्यावा लागतो. मग पोलीस चौकशी आली, आणि खरी धाकधूक तेथे सुरू झाली.

कारण चौकशी म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणे. आमच्या घराला लागून घर आहे ते चुलतभावाचे. त्याचे नि माझे सहा वर्षे बोलणे नव्हते. कारण तेच, बांधाचे. एक फणसाचे झाड कोणाच्या हद्दीत, यावरून तोंडे फिरली ती फिरलीच. हवालदार थेट त्याच्या पडवीत जाऊन बसले. मी इकडे अंगणात उगीचच दोरी वळीत बसलो. "हा माणूस तापट आहे, याच्या हातात बंदूक देऊ नका," एवढे जरी तो बोलला असता, तरी त्याला कोणी दोष दिला नसता.

पण तो म्हणाला, "आमच्यात बोलणा नाय. त्येका राग येता, पण तो कोणावर हात उचलूचो नाय. बंदूक दिल्यात तर शेताकच वापरतलो."

हे मला हवालदारांनीच जाताना सांगितले. त्या रात्री मला झोप आली नाही. परवान्यावर नाव माझे एकट्याचे येणार होते, पण तो मिळणार होता दुसऱ्याच्या शब्दावर. ज्याला त्या बंदुकीची सर्वांत जास्त भीती वाटायला हवी होती, त्यानेच माझी हमी घेतली होती.

घरातूनही परवानगी घ्यायची होती. आमच्या मंडळींना बंदूक घरात येणे मुळीच पसंत नव्हते. घरात दोन मुले, त्यात धाकटा सगळ्या वस्तू खोलून बघणारा. शेवटी त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली अट, बंदूक एका कुलपात आणि दारू व केप दुसऱ्या कुलपात राहतील, आणि दोन्ही चाव्या माझ्या अंगावर असतील. दुसरी अट, ज्या दिवशी घरात किंवा वाडीत कोणाशी तंटा झाला असेल, त्या रात्री बंदूक बाहेर निघणार नाही, मग डुकरे सारे शेत खाऊन जावोत. पहिली अट कायद्यातही सापडते. दुसरी कोणत्याही कायद्यात नाही, पण मला ती अधिक मोलाची वाटते.

परवाना 2022 च्या उन्हाळ्यात हाती पडला. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत पाच वर्षांची असते. आता खरेदी. मुंबईला असलेला पुतण्या फोनवरून म्हणाला, "काका, घ्यायचीच तर रायफल घ्या, वर दुर्बीण बसवून देतो." त्याला समजावावे लागले. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, त्यामुळे गोळी फिरत फिरत सरळ आणि फार लांब, मैलभराच्याही पुढे जाते. आमच्या शेताच्या पलीकडे ओहोळ, ओहोळापलीकडे दुसरी वाडी. रात्रीच्या अंधारात नेम चुकला तर ती गोळी कोणाच्या पडवीत जाईल याचा नेम नाही. शिवाय रायफलीच्या परवान्याला वेगळे सबळ कारण दाखवावे लागते. परवाना होता तो ठासणीच्या बंदुकीचा, आणि आमच्या कामाला तीच पुरेशी होती.

परवानाधारक दुकानातून एक साधी एकनळी बंदूक घेतली. परवान्यावर तिचा नंबर चढला. पण पायातली वहाण जशी पायाला बसावी लागते, तशी बंदूकही अंगाला बसावी लागते. माझी उंची बेताची. दस्ता खांद्याला लावला की मान ताणावी लागे. नळी लांब, झाडीत अडके. एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला, "नळी सहा इंच कापून टाक, हलकी होईल." हा सल्ला कोणी देत असेल तर तेथून उठून जावे. परवानगीवाचून नळी आखूड करणे हा मोठा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप एवढी शिक्षा आहे. गावच्या सुताराकडे किंवा लोहाराकडे बंदूक दुरुस्तीला देणेही बरोबर नाही. तो धंदा करायला वेगळा परवाना लागतो.

मी बंदूक तशा परवानाधारक कारागिराकडेच नेली. त्याने दस्त्याचे लाकूड मागून बोटभर कमी केले आणि तेथे रबरी गादी बसवली. बार उडाला की खांद्याला दणका बसतो, तो कमी झाला. कातडी पट्टा लावला, त्यामुळे बांध ओलांडताना दोन्ही हात मोकळे राहतात. माशीला पांढरा रंग दिला, म्हणजे अंधुक उजेडात ती दिसते. आणि चौथी गोष्ट त्याने मला दाखवली, ती साऱ्यांत उपयोगाची. रिकाम्या नळीत ठासणीचा गज तळापर्यंत घालून नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण कोरली. बंदूक भरलेली असेल तर गज तेवढा आत जात नाही, खूण वर राहते. बघताच कळते, बंदूक भरलेली की रिकामी. या खुणेला पैसा लागला नाही.

ठासणीच्या बंदुकीचे काही नियम अनुभवाने पक्के होतात. ती भरायची ती शेतावरच, घरात नाही, कारण एकदा भरली की रिकामी करणे सोपे नसते. केप उडाला आणि बार झाला नाही, तर लगेच तोंड वळवून पाहायचे नाही. नळी मोकळ्या दिशेला धरून थांबायचे. बार उशिराने उडू शकतो. काळ्या दारूची राख ओल धरते आणि आमच्या पावसात तर रात्रीत गंज चढतो. म्हणून बार काढला त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून, आतून तेलाचा हात फिरवायचा. आवाज आला म्हणून झुडपात कधीही बार काढायचा नाही. डुक्कर समजून माणूस मारला गेल्याच्या घटना आपल्या डोंगरपट्ट्यात घडलेल्या आहेत.

आणखी एक गैरसमज दूर करतो. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यप्राण्यांना 1972 च्या कायद्याचे संरक्षण आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारायचे, तर वन खात्याची वेगळी परवानगी लागते. परवानगीने मारलेले जनावरही सरकारचे असते, आपल्या चुलीवरचे नसते. गव्यावर तर बंदूक रोखायचा विचारही करू नये. मी बहुतेक वेळा नुसत्या दारूचा, छऱ्यांवाचून बार काढतो. आवाजाने कळप मागे फिरतो. वहीत तारीखवार नोंद आहे. तीन हंगामांत अकरा बार.

बंदूक दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, हेही घरच्यांनी समजून घ्यावे. मला ताप आला म्हणून भाऊ बंदूक घेऊन राखणीला गेला, तर तो गुन्हा ठरतो. परवानाधारक वारला तर घरच्यांनी ती माळ्यावर टाकून न देता विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यावी. वारसाला नंतर आपल्या नावाने अर्ज करता येतो.

2024 साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका आल्या. दोन्ही वेळा माझी बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. विधानसभेची आचारसंहिता लागली ती 15 ऑक्टोबरला, भात पिवळे झाले तेव्हा. आता राखण कशी करावी या काळजीत असताना चुलतभाऊ बांधावर येऊन उभा राहिला. म्हणाला, "एक रात्र तू, एक रात्र मी. दोन्ही शेतां एकाच माळ्यावरसून दिसतत." त्या वर्षी डबे वाजवून आणि शेकोट्या पेटवून आम्ही दोघांनी दोन्ही शेते राखली. थोडे भात गेले, बरेचसे घरात आले. फणसाच्या झाडाचा निकाल अजून लागलेला नाही, पण फणस मात्र दोन्ही घरांत जातात.

बंदूक पिकाला मदत करते, यात शंका नाही. पण तिच्यावाचून चालेल अशी राखण गावात असली पाहिजे, आणि ज्याच्याकडे ती आहे त्याच्याविषयी शेजाऱ्याच्या मनात भीती नसली पाहिजे. माझ्या परवान्याचे नूतनीकरण 2027 साली आहे. तेव्हा पुन्हा चौकशी होईल आणि हवालदार पुन्हा शेजारच्या पडवीत बसतील. पाच वर्षांत मी कसा वागलो, ते चुलतभाऊ सांगेल.