तिसऱ्यांदा उडताना

मेकॅनिकलला चार वर्षं काढली की एक सवय अंगात मुरते. बिघडलं? पार्ट बदला! पण मित्रांनो, तो पार्ट बनवणं कित्येक दशकांपूर्वीच बंद झालं असेल तर?

मला हा प्रश्न पाडला ब्रिस्टल ब्लेनहाइम या ब्रिटिश बॉम्बरने. 3 सप्टेंबर 1939 ला युद्ध जाहीर झालं आणि त्याच दिवशी एका ब्लेनहाइमने जर्मनीची हद्द ओलांडली. 1935 मध्ये मूळ नमुना उडाला तेव्हा त्याच्या वेगाने ब्रिटनच्या फायटर विमानांनाही मागे टाकलं होतं. पाचच वर्षांत बाजी उलटली. 13 ऑगस्ट 1940 ला डेन्मार्कमधल्या आल्बोर्गवर 12 ब्लेनहाइम निघाली. एक वाटेतून परतलं, बाकीची 11 च्या 11 पाडली गेली. एकूण चार हजारांवर बनली होती. युद्धातून वाचली ती बहुतेक भंगारात गेली.

इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या मंडळींनी मग कॅनडात बनलेल्या याच जातीच्या विमानाचा सांगाडा घेतला आणि 12 वर्षं खपून तो उडता केला. मे 1987 मध्ये उडाला, महिन्याभरात कोसळला. माणसं वाचली. दुसरं विमान 1993 ला उडालं, 2003 ला उतरताना मोडलं. तेच पुन्हा उभं करून नोव्हेंबर 2014 मध्ये उडवलं. या वेळी पुढचं नाक आलं चक्क एका मोटारीतून! ब्रिस्टलच्या एका कर्मचाऱ्याने युद्धानंतर ते चॅसीवर बसवून इलेक्ट्रिक गाडी केली होती.

आता इंजिन. मर्क्युरी हे 9 सिलिंडरचं, एअर-कूल्ड रेडियल, 840 हॉर्सपॉवरचं. इंजिन बंद असताना ऑइल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साठतं. तसाच स्टार्टर मारला तर ऑइल काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा हाताने फिरवून बघायचा. अडला तर जोर करायचा नाही, खालचे प्लग काढून ऑइल निथळू द्यायचं. आमच्या सिलॅबसमध्ये हे कुठेच नव्हतं.

हॉस्टेलवरचे मित्र म्हणतात, "इतकं दुर्मिळ विमान उडवायचं कशाला? म्युझियममध्ये ठेवा की!" दोनदा आपटलेलं बघता त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण काचेआड फक्त आकार टिकतो. पंखा किती अडला म्हणजे थांबायचं हे हातालाच कळतं, आणि ते हात एका पिढीने दुसरीला शिकवले नाहीत तर ड्रॉइंग असूनही यंत्र मुकंच राहतं. आल्बोर्गहून न परतलेल्यांची आठवण म्हणून त्या इंजिनाचा आवाज कानावर पडावा, असं मला वाटतं.

प्लेसमेंटच्या फॉर्मवर ‘रिस्टोरेशन’ असा रकाना नाही. असता तर मी टिक केली असती!