डाव्या कोपऱ्याचा सौदा

प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाची अंतिम लढत २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत झाली. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. आदल्या हंगामात हाच गडी आपल्या पुणेरी पलटणचा डावा कोपरा सांभाळत होता. बालेवाडीचं क्रीडासंकुल आमच्या मुळशीतल्या म्हाळुंग्याला खेटून. त्यामुळे पौड-पिरंगुटकडची मी शिकवतो ती पोरं अजून विचारतात, "सर, पलटणने त्याला सोडलंच का?"

आधी पैसा बघू. दहाव्या हंगामात पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले. सगळ्या संघासाठी मर्यादा ५ कोटींची, म्हणजे जवळजवळ निम्मी थैली एकट्यावर. पण साखळीत २२ पैकी दोनच सामने गेले, त्याने पकडींचे ९९ गुण कमावले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणालाच २८-२५ असं नमवून पलटणने पहिलं विजेतेपद आणलं. पैसे फिटले.

त्या विजयात नगर जिल्ह्याच्या अस्लम इनामदारचं नेतृत्व होतं, अंतिम सामन्यात पंकज मोहितेची चार गुणांची चढाई होती. अशी पोरं हाताशी असताना महागडा गडी मोकळा करावा, हा विचार मला समजतो.

पण कोपऱ्याचं काम निराळं असतं. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो, त्या क्षणी घोटा धरायचा की थांबायचं, हे कोपऱ्याने ठरवायचं. तो वेळेवर सुटला तर शेजारचा मध्यरक्षक धडक द्यायला पोहोचतो. उशीर झाला की साखळी तुटलीच. पलटणचा मध्यरक्षक संकेत सावंतच्या शेजारी शादलुईची ही समज वर्षभर मुरली होती. लिलावात गडी विकत मिळतो, दोघांची जुळलेली वेळ मिळत नाही.

हरियाणाकडे उजव्या कोपऱ्यात राहुल सेतपाल होता, डाव्या मध्यात जयदीप दहिया. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाणाने २ कोटी ७ लाखांत, म्हणजे पुण्याने मोजलेल्या रकमेपेक्षा २८ लाख कमी देऊन, शादलुईला घेतलं. त्या अकराव्या हंगामात पलटण आठवी आली. अस्लमची दुखापतही त्याला कारण होती, हे मान्यच.

बाराव्या हंगामात पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यात होता फझल अत्राचली. नवव्या हंगामात १ कोटी ३८ लाखांना घेऊन पलटणने पुढे सोडलेला!

२ कोटी ७ लाखांना शादलुई स्वस्तच होता. त्याला जाऊ देणं चुकलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पलटणने पुढच्या लिलावाला जाताना डाव्या कोपऱ्याचे पैसे आधी बाजूला काढावेत, मग चढाईपटूंकडे वळावं.