पहाटेचं स्वप्न

समुद्रकाठच्या आमच्या बुरोंडी गावात पहाटेच्या स्वप्नाला मान आहे. मध्यरात्रीचं कुणी सांगत बसत नाही. पहाटेचं खरं होतं, असं जुनीजाणती माणसं ठामपणे म्हणतात. ते खरं ठरतं का, या वादात मला शिरायचं नाही. पण पहाटेलाच हा मान का, याचं उत्तर मेंदूत आहे.

झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. फेरीच्या अखेरीस मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भिरभिरू लागतात. शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली ही झोप जगापुढे मांडली. पहिल्या फेरीत ती काही मिनिटांची, उजाडता उजाडता चांगली लांबलेली. ठळक स्वप्नं बहुधा याच झोपेत पडतात आणि पहाटे बरेचदा तिच्यातूनच जाग येते, म्हणून पहाटेचं स्वप्न जास्त लक्षात राहतं.

त्या वेळी मेंदू जागेपणाइतकाच धावत असतो. भीती-माया जागवणारा अमिग्डाला तेजीत, दृश्यं रचणारे भाग कामात. कपाळामागचा, पारखून घेणारा भाग मात्र मंदावलेला. म्हणून वारलेली आजी खळ्यात सोलं वाळत घालताना दिसते आणि ‘तू कशी आलीस?’ असं आपण विचारतही नाही.

शरीर मात्र जागच्या जागी. मेंदूच्या देठातून निघालेला हुकूम स्नायू सैल पाडतो. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतली ही व्यवस्था मोडली, तेव्हा झोपलेली मांजरं उठून नसलेल्या भक्ष्यावर झेपावू लागली.

आमच्या समुद्रातल्या डॉल्फिनला असं सैल पडणं परवडायचं नाही. अर्धा मेंदू निजवून, अर्ध्याने जागं राहून ते पोहतात, श्वासाला वर येतात. त्यांच्यात ही स्वप्नांची झोप स्पष्टपणे आढळलेली नाही. भर समुद्रात माणसालाही राखणीशिवाय निजणं परवडत नाही. होडीत बाकीचे निजतात ते सुकाणूवर तांडेल जागा आहे म्हणून.

आणि अंधारात जाळी ओढायला उठणाऱ्या खलाशाची नेमकी ही स्वप्नांची झोपच बुडते. विल्यम डिमेंट यांनी १९६० साली माणसांना या झोपेतून पुन्हा पुन्हा उठवून पाहिलं. नंतर मोकळं निजू दिल्यावर त्यांनी ती नेहमीपेक्षा जास्त घेतली. मेंदू ही उधारी सोडत नाही. दुपारी पडवीत आडव्या झालेल्या खलाशाची बुबुळं हलताना दिसत असली, तरी मासळीच्या हिशेबासाठी त्याला हलवून उठवतात. आमच्या घरांतून हे सर्रास चालतं, आणि मला ते बघवत नाही.