कमान की मैदान?

आंबेगाव तालुक्यात आंबेगाव कुठे आहे, असे कोणी परक्याने विचारले, की आम्हा त्या बाजूच्या माणसांची मोठी पंचाईत होते. तालुक्याची कचेरी घोडेगावला, बाजारपेठ मंचरला, देव भीमाशंकरला. आणि ज्याच्यावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली! सरकारी कागदांवर त्याचे नाव रोज उमटते, पण एस. टी.चा कंडक्टर त्या गावाचे तिकीट काही फाडू शकत नाही.

आमचे घराणे त्याच खोऱ्यातले. पाणी चढले तशी माणसे पांगली. कोणी डोंगरउतारावर वर सरकले आणि पाणी ओसरेल तेव्हा गाळपेर करू लागले. कोणी मंचर, जुन्नर, नारायणगावाकडे गेले. पुष्कळजण पोटासाठी मुंबईत आधीपासून होतेच. तेव्हापासून मला एक प्रश्न पडत आला आहे. जमीन गेल्यावर गाव राहते कशात? घरांत म्हणावे, तर ती पाण्यात. देवळात म्हणावे, तर देव नव्या जागी नेता येतो. पण त्याच्याभोवती जुनी माणसे जमतीलच असे नाही.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर शेजारच्या जुन्नरच्या लेण्यांत कोरलेले आहे. नाणेघाटातून मालाचे तांडे कोकणातून वर चढत होते त्या काळी, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, या भागात यवन येऊन राहिले होते. इरिल नावाच्या यवनाने लेण्यांत पाण्याच्या पोढी दिल्या. चिट नावाच्या यवनाने भिक्षूंना भोजनमंडप दिला. त्यांची नावे दगडावर आजही वाचता येतात. पण ते यवन कुठे आहेत? इथल्याच माणसांत विरघळून गेले. त्यात वाईट काही नाही; मात्र दगडावर नाव कोरले म्हणजे समाज टिकतो, ही समजूत त्यांनी कायमची खोटी ठरवली.

उरलेले अर्धे उत्तर मला आर्मेनियन लोकांच्या इतिहासात सापडले. मुंबईला फोर्टात त्यांचे १७९६ सालचे लहानसे चर्च आहे, तेवढाच आपला त्यांच्याशी परिचय. १९११ साली इस्तंबूलमध्ये शावर्श क्रिसियन नावाच्या आर्मेनियन तरुणाने निव्वळ व्यायामाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये तुर्की साम्राज्याचे दोन खेळाडू उतरले; दोघेही आर्मेनियन! मग १९१५ साल उजाडले आणि त्या समाजाची कत्तल झाली. क्रिसियनही त्यात गेला. वाचलेली पोरे अनाथाश्रमांत वाढू लागली. अशा वेळी माणसे काय करतील? त्याच शहरात १९१८ साली, क्रिसियनचे काम पुढे नेणाऱ्यांनी साऱ्या आर्मेनियनांचा मिळून एक व्यायामसंघ काढला! त्याचे नाव होमेनेतमेन. फुटबॉलचे संघ निघाले, बालवीरांची पथके उभी राहिली. ‘स्वतः उंच हो, दुसऱ्यालाही उंच कर’ हे त्यांचे ब्रीद.

पुढे तिथूनही पाय निघाला. बैरूत हे मोठे ठाणे झाले आणि शाखा फ्रान्स-अमेरिकेपर्यंत पसरल्या. बैरूतला लागून बुर्ज हमूद नावाची त्यांची वस्ती आहे. तिथल्या मोहल्ल्यांना त्यांनी आपल्या हातून गेलेल्या गावांची नावे दिली: मराश, सीस, अडाना. हे वाचले आणि मला आमचे आंबेगाव आठवले. पण नाव आम्हीही राखले आहे. त्यांनी नावाबरोबर मैदानही राखले.

आपल्या लोकांना ही विद्या ठाऊक नव्हती असे मात्र नव्हे. १८१८ साली राज्य गेले आणि दुसरा बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. त्याच्यामागे पुण्याची कितीतरी कुटुंबे उत्तरेत गेली. काशीत तर मराठी घाटआळ्याच वसल्या. त्या सामानसुमानाबरोबर एक विलक्षण वस्तू गेली. ती म्हणजे मल्लखांब. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त त्याचा उल्लेख आहे, पण तो पुन्हा जिवंत केला बाजीरावाचे वस्ताद बाळंभटदादा देवधर यांनी, अशी परंपरा आहे. काशीच्या आखाड्यांत त्यांच्या शिष्यशाखेने तो पोसला. राज्य बुडाले, पेशवे परागंदा झाले, पण एका लाकडी खांबाभोवती मराठी पोरे जमत राहिली.

बडोद्याची गोष्ट त्याहून गोड. तिथले वस्ताद जुम्मादादा मुसलमान. त्यांचे शागीर्द माणिकराव मराठी. राजा गायकवाड आणि मुलूख गुजरातचा. माणिकरावांनी आपल्या व्यायाममंदिराला नाव दिले ते गुरूचे. त्याच गावात हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम छापून काढले. त्याच गावातून दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदारांचा ‘व्यायामज्ञानकोश’ दहा खंडांत बाहेर पडला. घरापासून लांब गेलेल्या माणसांनाच आपल्या खेळांची नीट टिपणे ठेवावीशी वाटतात, हे मोठे अर्थपूर्ण आहे. जो घरीच असतो तो कशाला लिहील?

आता आमच्या गावकीकडे येतो. गेल्या वर्षी मुंबईकर मंडळींची बैठक भरली. वर्गणी बऱ्यापैकी जमली होती आणि तिचे काय करावे यावर दोन पक्ष पडले. एका पक्षाला नव्या वसाहतीच्या तोंडाशी दगडी कमान हवी होती. तिच्यावर देणगीदारांची नावे कोरायची. मी म्हटले, मागची पडीक जागा सपाट करून मुलामुलींसाठी मैदान करू या, जत्रेला पुन्हा हगामा भरवू या.

आमचे थोरले चुलते अण्णा, वयाने ऐंशीच्या पुढचे. ते म्हणाले, “अरे, मैदानावर येणार कोण? पोरं पुण्या-ठाण्याला तिसऱ्या मजल्यावर राहतात. कमान निदान रस्त्यावरनं जाणाऱ्याला दिसेल तरी.”

अण्णांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. मैदान हे रोज येणाऱ्यांचे असते आणि आमच्याकडे वर्षाकाठी एकदा येणारी माणसे उरली आहेत. तरी मी विचारले, “अण्णा, तुम्ही पहिली कुस्ती कुठं खेळलात?”

अण्णा एकदम खुलले. “अरे, नदीकाठच्या हगाम्यात! रेवड्यांवर. मी आखाड्यात उतरलो तेव्हा वस्तादांनी माझा दंड धरून साऱ्या गावाला विचारलं, हे कुणाचं पोर रे? आणि चारी बाजूंनी लोक माझ्या बापाचं नाव ओरडले!”

बैठक क्षणभर गप्प झाली. मग हात वर झाले आणि कमानच मंजूर झाली. मीही माझी वर्गणी मुकाट्याने दिली. पण अण्णांनी एक जोड ठराव मांडला: कमानीतून उरेल त्या पैशांत मागची जागा सपाट करावी. तो एकमताने पास झाला.

यंदाच्या जत्रेला तिथे पोरांच्या शर्यती झाल्या, हुतूतू झाला, रेवड्यांवर चार कुस्त्या झाल्या. एक तर दोन मुलींची. पुण्याहून आलेली कितीतरी पोरे एकमेकांना प्रथमच पाहत होती. अण्णा आखाड्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते आणि उतरणाऱ्या प्रत्येक पोराचा दंड धरून गर्दीला विचारत होते, “हे कुणाचं रे?” दर वेळी कुठून तरी उत्तर येत होते. एका मुलीच्या वेळी मात्र कोणीच बोलेना. तेव्हा तिनेच मान वर करून आपल्या आजोबांचे आणि पाण्याखाली गेलेल्या वाडीचे नाव सांगितले, आणि लंगोट्या वयातल्या मित्राची नात म्हणून अण्णांनी तिच्या हातावर दोन मुठी रेवड्या जास्त ठेवल्या.